उदगीरपर्यंतची मिनिटं

“सिलिंडर बी टाईप. काटा पन्नासवर. पेशंटला मिनिटाला दहा लिटर चालू आहे. निघालो जळकोटवरून. लातूरपर्यंत पुरेल का?”

108 रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरांनी मला हे गणित घातलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सोडवलं. बी टाईप सिलिंडरमध्ये दहा लिटर पाणी मावतं. काटा पन्नास दाखवतोय, म्हणजे आतला वायू पन्नासपट दाबलेला आहे. दहा गुणिले पन्नास, पाचशे लिटर. मिनिटाला दहा गेले तर पन्नास मिनिटं. त्यातली दहा राखून ठेवायची, कारण काटा तळाशी आला की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. उरली चाळीस. रस्त्यानं साथ दिली तर उदगीर गाठता येतं. लातूर नाही.

संपादकांनी यंदा ‘हवा’ हा विषय कळवला, तेव्हा जळकोटला जायचं मनात होतंच. लातूर जिल्ह्याचा हा ईशान्येकडचा तालुका. पलीकडे नांदेड जिल्ह्यातले मुखेड आणि कंधार, मधून बालाघाटाच्या उतरत्या रांगा, तिरू नदी आणि डोंगरकपारीला चिकटलेली गावं-तांडे. नांदेड-उदगीर-बिदर रस्त्यावर आलं की गाडी पळते. पण रस्त्यावर येईपर्यंतच वेळ जातो. उदगीर पंचवीसेक किलोमीटर. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं लातूरला आणि नांदेडजवळ विष्णुपुरीला. दोन्हीकडे जायचं तर ऐंशी किलोमीटरच्या आसपास अंतर.

2021 च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजन हा शब्द घराघरात पोचला. राज्याची रोजची गरज सतराशे टनांच्या पुढे गेली आणि राज्यातलं उत्पादन साडेबाराशे टनांच्या घरात अडकलं. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेनं विशाखापट्टणमला गेले आणि भरून परत आले. ते सगळं आपण विसरलेलो नाही. पण महामारी नसताना, एरवीच्या एखाद्या मंगळवारी रात्री, तांड्यावरच्या एका माणसाला ऑक्सिजन कसा मिळतो? तो प्रश्न टनांचा नसतो, मिनिटांचा असतो, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही.

चौदा किलो लोखंड, दोन किलो वायू

ऑक्सिजन स्वस्त आहे. सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं सिलिंडरमधल्या वैद्यकीय ऑक्सिजनच्या दरावर घनमीटरला 25 रुपये 71 पैसे अशी मर्यादा घातली होती. भरलेल्या बी टाईपमध्ये दीड घनमीटर वायू असतो. त्या हिशेबानं आतला माल चाळीस रुपयांचाही नाही. महाग आहे ते त्याला धरून ठेवणं आणि नेणं.

दीड हजार लिटर वायू दहा लिटरच्या जागेत बसवायचा तर दीडशेपट दाब लागतो आणि तो पेलायला जाड पोलाद लागतं. म्हणून दोन किलो ऑक्सिजनसाठी चौदा-पंधरा किलो लोखंड उचलावं लागतं. रुग्णालयात दिसतो तो उंच जंबो, म्हणजे डी टाईप. त्यात सात घनमीटर मावतो आणि तो भरलेला असताना साठ किलोच्या घरात जातो. तो कुणी उचलत नाही. किंचित तिरका करून बुडाच्या कडेवर गोल फिरवत नेतात. नवख्यानं करू नये असं ते काम आहे. तो पडला आणि वरचा व्हॉल्व्ह तुटला, तर आतला दाब अख्खं सिलिंडर भिंत फोडून नेऊ शकतो.

लातूरला सिलिंडर भरताना बघायला उभा राहिलो. लांबून टँकरनं येणारा द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशांचा असतो. एका लिटर द्रवाचे साडेआठशे लिटरच्या वर वायू होतात. पंपानं दाब चढवून, नळ्यांमधून तापवून तो एका ओळीत जोडलेल्या सिलिंडरांत जातो. भरणारा मुलगा मधूनच प्रत्येक सिलिंडरच्या पोटाला तळहात लावून पुढे सरकत होता. भरताना पोलाद कोमट होतं. ज्याचं पोट गार, त्याच्यात वायू जात नाही. त्याची चावी कुठंतरी अडली आहे. भिंतीवर दाबमापक लावलेलं होतं, तरी त्याचा हात काही थांबत नव्हता.

प्रत्येक काळ्या सिलिंडरच्या पांढऱ्या खांद्यावर आकडे ठोकलेले असतात: रिकामं वजन, पाण्याची क्षमता, चाचणीची तारीख. ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली परीक्षा घेतल्याशिवाय तो पुन्हा भरता येत नाही. देशभरातल्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. हलका, कार्बन तंतूंनी गुंडाळलेला नवा सिलिंडर कुणाला देशात आणायचा असेल, तर मान्यतेसाठी तिथंच जावं लागतं.

तेलाचा हात

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण शेजारच्याला पेटवतो. शुद्ध ऑक्सिजनच्या दाबात तेल-ग्रीस ठिणगीविना भडकू शकतं. म्हणून सिलिंडरची चावी कडक झाली तरी तिला तेल लावायचं नाही, हा पहिला नियम. आणि हीच चूक सगळ्यात सहज होते, कारण आपल्याकडे काहीही अडकलं की हात तेलाच्या डब्याकडे जातो.

डॉक्टरांनी मला सिलिंडर बदलून दाखवला. रेग्युलेटर लावण्याआधी त्यांनी तोंड बाजूला केलं, चावी अर्ध्या क्षणासाठी उघडून बंद केली. फस्स आवाज झाला. तोंडाशी बसलेली धूळ उडाली. मग वॉशर बघितला, रेग्युलेटर बसवला आणि चावी अगदी सावकाश फिरवली. झटक्यानं उघडली तर दीडशेपट दाबाचा वायू रेग्युलेटरच्या छोट्या पोकळीत आदळतो आणि सायकलचा पंप मारताना तापतो तसा, पण कित्येक पटींनी जास्त तापतो. तिथं तेलाचा एखादा थेंब असेल तर पुढचं सांगायला नको.

फ्लोमीटरच्या काचेच्या नळीत एक गोळी तरंगते. गोळीचा मध्य ज्या आकड्यावर, तेवढे लिटर. ही गोळी गुरुत्वाकर्षणावर चालते, त्यामुळे नळी उभीच हवी. खासगी जीपमध्ये सीटखाली आडवा टाकलेला सिलिंडर पाच लिटर दाखवत असला तरी त्या पाचाला काही अर्थ नसतो. प्रवासात चालावं असं, आडवं ठेवूनही खरं दाखवणारं फ्लोमीटर मिळतं. पण खरेदीच्या यादीत नुसतं ‘फ्लोमीटर’ लिहिलेलं असतं, आणि येतं ते काचेचं.

आम्ही बोलत असतानाच एक म्हातारबुवा काठी टेकत आले. धाप लागलेली, सोबत नातू.

“सायब, ही नळी लावली की दम बसंल का?”

“बसंल मामा. पण खिशातली बिडी आधी नातवाकडं द्या.”

“पेटवली नाही बगा.”

“नसू द्या. काडेपेटी बी द्या.”

ऑक्सिजन कपड्यांत आणि पांघरुणात मुरतो. नळी काढल्यावरही काही मिनिटं धोका राहतो. हे म्हातारबुवांना समजावताना डॉक्टर रागावले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटलं.

विमानातली युक्ती, तालुक्यातली लाइट

सिलिंडर वाहायचाच कशाला, जागेवरच ऑक्सिजन काढावा, हा दुसरा मार्ग. हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन आणि अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो. झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजावरून दाबाखाली हवा सोडली की ते नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब काढला की झिओलाइट नायट्रोजन सोडून देतं आणि पुन्हा कामाला तयार होतं. असे दोन डबे आलटून-पालटून चालवले की त्र्याण्णव टक्क्यांच्या आसपास शुद्धतेचा ऑक्सिजन अखंड मिळतो. पलंगाशेजारच्या कॉन्सन्ट्रेटरपासून रुग्णालयामागच्या पीएसए प्लांटपर्यंत सगळ्यांचं पोट एकच.

तेजस लढाऊ विमानाच्या वैमानिकाला आकाशात ऑक्सिजन पुरवण्यासाठी डीआरडीओनं हेच तंत्र बसवलं होतं. 2021 मध्ये त्यावरून मिनिटाला हजार लिटर देणारे प्लांट देशभरातल्या रुग्णालयांत उभे राहिले. त्याच एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. मिलिंद अत्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर नायट्रोजन काढणाऱ्या संयंत्रातली चाळणी बदलून झिओलाइट भरलं आणि त्यातूनच ऑक्सिजन मिळवून दाखवला. नवं यंत्र येण्याची वाट बघायची नाही, आहे ते उलटं चालवायचं. मला तरी त्या काळातलं हे सगळ्यात सुंदर काम वाटतं.

पण झिओलाइटला ओल सोसत नाही. हवा कोरडी करणारा भाग बिघडला, फिल्टर वेळेत बदलला नाही, की शुद्धता मुकाट्यानं खाली येते. यंत्र गुरगुरत राहतं, वारा येत राहतो, फक्त त्यात ऑक्सिजन कमी असतो. शुद्धता मोजणारं छोटं उपकरण आणि ते दर आठवड्याला लावून बघणारा माणूस, या दोन गोष्टी उद्घाटनाच्या कोनशिलेवर कोरल्या जात नाहीत.

पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज लागते. पावसाळ्यात डोंगराकडच्या फीडरवर लाइट गेली की तो गप्प. आणि त्याच्यातून येणाऱ्या वाऱ्याला दाब नसतो, त्यामुळे लाइट असताना सिलिंडर भरून ठेवावा म्हटलं तर तेही जमत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या अभ्यासकांनी यावर उपाय शोधला. वीज असताना जास्तीचा ऑक्सिजन कमी दाबाच्या मोठ्या पिशवीत साठवायचा आणि वीज गेली की तीच पिशवी रुग्णाला जोडायची. युगांडातल्या रुग्णालयांत त्यांनी ती वापरून पाहिली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना हे चालण्यासारखं आहे. छतावर सोलर पाट्या आल्या असतील तिथं तर नक्कीच.

खांद्याला अडकवायचे दोन-तीन किलोचे कॉन्सन्ट्रेटरही बाजारात आहेत. दिसायला तेच खरे ‘पोर्टेबल’. पण ते रुग्णानं नाकानं श्वास घेतला की तेवढ्यापुरता झोत सोडतात. फिरणाऱ्या दमेकऱ्याला उत्तम. तोंड वासून धापणाऱ्या किंवा बेशुद्ध माणसाचा श्वास त्या यंत्राला जाणवतच नाही. आणीबाणीत ते सोबत असून नसल्यासारखे.

साप, विंचू, फवारा आणि मळणीची धूळ

या भागात ऑक्सिजन कुणाला लागतो? पुस्तकातली यादी वेगळी आणि इथली वेगळी. पावसाळ्यात सर्पदंश. सोयाबीन-कपाशीच्या दिवसांत कीटकनाशक पोटात गेलेला माणूस, कधी फवारताना, कधी हेतूनं. दिवाळीच्या तोंडावर मळणीयंत्राची धूळ खाऊन दमा उठलेली बाई. स्पेनमधल्या बार्सिलोनात 1980 च्या दशकात ठरावीक दिवशी अचानक अनेक लोकांना दम्याचे झटके येत होते. अखेर उलगडा झाला, की बंदरात सोयाबीन उतरवताना उडणारी धूळ त्याच्या मुळाशी होती. गोदामांना फिल्टर बसवले आणि झटके थांबले. लातूरच्या सोयाबीनपट्ट्यात त्या धुळीकडे कुणीतरी इतक्या बारकाईनं बघायला हवं, असं मला वाटतं.

आता मण्यार घ्या. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसं दुखत नाही. पहाटे पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि मग छाती हलायचीच थांबते. अशा माणसाच्या नाकावर शंभर टक्के ऑक्सिजन धरला तरी उपयोग नाही, कारण तो आत ओढणारे स्नायूच लुळे पडलेले असतात. त्याला कुणीतरी श्वास द्यावा लागतो. जळकोटच्या शेजारी मुखेडला डॉ. दिलीप पुंडे सर्पदंशावर वर्षानुवर्षं उपचार करत आले आहेत. ग्रामीण महाराष्ट्रातल्या दहा वर्षांच्या सर्पदंश-उपचारांवरचा त्यांचा लेख 2005 मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात आला. लहान गावात, मोजक्या साधनांवर हे रुग्ण वाचवता येतात, हे या भागानं त्यांच्याकडे प्रत्यक्ष पाहिलं आहे.

विंचवाचंही तसंच. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशानं माणसं कशी मरतात ते रात्र रात्र बसून पाहिलं. हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिनच्या साध्या गोळीनं त्यांनी ही लढाई फिरवली. ऑक्सिजन तिथं मधला वेळ निभावून नेतो, खरं काम गोळी करते. विषबाधेत आधी घशातला स्राव ओढून काढावा लागतो, अॅट्रोपिन द्यावं लागतं, ऑक्सिजन बरोबरीनं. म्हणजे ‘सुरक्षित, सहज नेता येणारा ऑक्सिजन’ असं आपण म्हणतो तेव्हा नुसत्या वायूबद्दल बोलून भागत नाही.

श्वास देण्याचं सगळ्यात साधं साधन आहे अँबू बॅग. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हातानं पिशव्या दाबून रुग्णांना आठवडेच्या आठवडे श्वास दिला. त्या पिशव्यांना वायूचा पुरवठा सतत लागायचा. भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन यांनी 1956 मध्ये आपोआप फुगणारी पिशवी आणली. तिला वीजही नको, सिलिंडरही नको. ऑक्सिजन असेल तर जोडायचा, नसेल तर भोवतालची हवा चालते. जन्मतःच न रडलेल्या बाळासाठी तर ती हवाच योग्य. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिले श्वास साध्या हवेनंच द्यावेत, शुद्ध ऑक्सिजननं नव्हे, असं 2010 पासून जगभरातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

पंधरा मिनिटांचा डबा

दाब नको, लोखंड नको, वीज नको, असाही ऑक्सिजन असतो: रसायनात बांधलेला. विमानात छतातून मुखवटे खाली पडतात, त्यांच्यामागे बहुतेकदा सोडियम क्लोरेटची ‘मेणबत्ती’ असते. पाणबुडीतही तीच. ती तापते आणि ऑक्सिजन सोडते. दुसरी जोडी सोडियम परकार्बोनेट आणि पाण्याची. उत्प्रेरक टाकला की बुडबुडे येतात. पुडी वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तरी हरकत नाही. आशाताईंच्या पेटीत मावेल असा ऑक्सिजन बनवायचा तर आज जगभरातले शोधक याच वाटेनं जाताहेत.

अडचण वेळेची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या निकषानुसार, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या आणीबाणीच्या ऑक्सिजन-साधनानं मिनिटाला किमान सहा लिटर, किमान पंधरा मिनिटं दिले पाहिजेत. म्हणजे नव्वद लिटर. शहरातल्या इमारतीत पंधरा मिनिटांत रुग्णवाहिका दाराशी येते, असं त्यात बहुधा गृहीत धरलेलं आहे. तांड्यावरून बैलगाडीवाट उतरून मोटारसायकलनं डांबरी रस्त्याला येईपर्यंतच पंधरा मिनिटं संपतात. आणि कोरोनात दुकानादुकानांत दिसलेले स्प्रेसारखे ऑक्सिजनचे कॅन? त्यांत काही लिटरच वायू असतो. धापणाऱ्याला तो दोन-तीन मिनिटं पुरतो आणि घरच्यांना उपचार चालू असल्याचा भास होतो. असा भास मला रिकाम्या सिलिंडरपेक्षा धोकादायक वाटतो, कारण त्यापायी माणसं निघायला उशीर करतात.

त्यामानानं डीआरडीओच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेनं उंचावरच्या सैनिकांसाठी बनवलेली ‘ऑक्सिकेअर’ प्रणाली आपल्या कामाची आहे. बोटावरचं यंत्र रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, वाचतं आणि त्यानुसार प्रवाह आपोआप कमी-जास्त होतो. शिवाय संचासोबतच्या मुखवट्यामुळे तीस ते चाळीस टक्के ऑक्सिजन वाचतो असा डीआरडीओचा दावा आहे. 2021 च्या मे महिन्यात पीएम केअर्समधून साधे आणि स्वयंचलित मिळून ऑक्सिकेअरच्या दीड लाख संचांची खरेदी मंजूर झाली. सुरुवातीच्या गणितातली चाळीस मिनिटं यानं पन्नासच्या पुढे जातील. जळकोटसाठी ती वाढीव मिनिटं मोलाची आहेत.

बोटावरचा चिमटा

किती द्यायचा, हे कळण्यासाठी आधी मोजावं लागतं. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात पल्स ऑक्सिमीटरमागचं तत्त्व मांडलं. आज तो चिमटा आशाताईंकडेही असतो. पापुआ न्यू गिनीतल्या पाच रुग्णालयांत हा चिमटा आणि कॉन्सन्ट्रेटर अशी जोडी दिली, तेव्हा न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू 35 टक्क्यांनी घटले. 2008 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला हा अभ्यास दोन साध्या यंत्रांचा आहे, अतिदक्षता विभागाचा नव्हे.

पण चिमटाही फसवतो. गार बोट, मेंदी, नेलपॉलिश यांची चर्चा होते. गडद कातडीवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे 2020 मध्ये अमेरिकी रुग्णांच्या नोंदींतून ठळकपणे पुढे आलं. उन्हात रापलेल्या शेतकऱ्याच्या बोटावरचे ब्याण्णव म्हणूनच सावधपणे वाचावेत. रक्तच कमी असलेल्या बाईचं सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव येतं, तरी तिच्या अंगात ऑक्सिजन वाहायला पुरेसं हिमोग्लोबिन नसतं.

जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगलं, हेही खरं नाही. बिडी न ओढताही चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब होतात, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये पीटर बार्न्स यांच्यासह लॅन्सेटमध्ये मांडलं. अशा जुनाट रुग्णाला सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या दरम्यान ठेवतात. त्याहून वर नेलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. धाप दिसली की फ्लोमीटरची गोळी पंधरावर नेणारा नातलग त्याच्या भल्यासाठीच तसं करत असतो.

पहिली तीस मिनिटं

लॅन्सेटच्या ऑक्सिजनविषयक आयोगानं 2025 च्या फेब्रुवारीत सांगितलं, की जगातल्या पाच अब्ज लोकांना, म्हणजे साठ टक्क्यांना, गरजेच्या वेळी चांगला आणि परवडणारा वैद्यकीय ऑक्सिजन मिळत नाही. त्या पाच अब्जांत तांड्यावरचे लोक आहेतच. 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झालेल्या 108 सेवेनं महाराष्ट्रात मोठा फरक घडवला. गाडीत डॉक्टर असतात, ही आपल्याकडची जमेची बाजू. पण गाडी येईपर्यंतची पहिली तीस मिनिटं अजून कुणाच्याच हातात नाहीत.

डॉक्टरांना विचारलं, शोध लावणाऱ्यांकडे काय मागाल? त्यांनी बराच वेळ पायलटकडे बघितलं. 108 वर चालकाला पायलट म्हणतात. उत्तर पायलटनंच दिलं. “मोटारसायकलवर मागं बसणाऱ्याला मांडीवर धरता येईल एवढा. रेग्युलेटर त्यालाच जोडलेला, चावी शोधावी लागू नये. आणि काट्याऐवजी मिनिटं दाखवावीत.” युरोपातल्या रुग्णालयांत असे व्हॉल्व्ह आलेले आहेत. रेग्युलेटर अंगचाच असतो आणि छोट्या पडद्यावर उरलेला वेळ दिसतो. हलक्या सिलिंडरवर तसा व्हॉल्व्ह बसवून तो आपल्या खिशाला परवडेल असा बनवणं, हे पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांना अवघड नाही. मागणी मात्र उपकेंद्रावरून यायला हवी. मुंबईतल्या खरेदी-समितीला मांडीवर मावणारा सिलिंडर सुचणार नाही.

तो येईपर्यंतही करण्यासारखं आहे. उपकेंद्राला दरवर्षी थोडा अबंधित निधी मिळतो, स्थानिक गरजेप्रमाणे खर्चायला. अँबू बॅग हजार-दोन हजारांत येते, मोठ्यांची एक आणि बाळाची एक. ती दाबायला शिकवायला एक दुपार लागते आणि दर सहा महिन्यांनी उजळणी. मुखेड काय, उदगीर काय, शिकवू शकणारे डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आहेत. पावसाळ्यापूर्वीच्या मासिक सभेत आरोग्यसेविकेनं हा विषय मांडला, तर त्या खर्चाला ठराव मिळायला अडचण येऊ नये.